आईला पायथ्याशी बसवून ठेवू नका

अशोक विजयादशमी असो, बुद्ध पौर्णिमा असो की सुट्टीचा साधा दिवस असो, आपल्या शहरातल्या बुद्ध लेणीवर कुटुंबं येतात तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. लेकरं पायऱ्या चढत वर पळतात. तरणी माणसं मोबाईल काढून त्यांच्या मागे जातात. आणि घरातली एक बाई, बहुतेक वेळा आई नाहीतर आजी, खाली झाडाच्या सावलीत बसून राहते. तिच्याजवळ डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. "तुम्ही जाऊन या, मला शुगर आहे, मी इथंच बसते," असं ती म्हणते. कोणी फार आग्रह करत नाही. आग्रह न करणं म्हणजे तिची काळजी घेणं, असं आपण सगळे धरून चालतो.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. शुगर किंवा बीपी असलेल्या माणसाने डोंगर चढावा, घरच्या लेकरांना बरोबर घेऊन चढावा, आणि सगळ्या घराने आपली चाल त्या माणसाच्या चालीला जुळवून घ्यावी. अर्थात डॉक्टरांना विचारून आणि पूर्ण तयारीने. चिकलठाण्यात राहणारी, कंपनीत काम करणारी आणि आठ वर्षांपासून शुगर असलेली एक आई म्हणून मी हे लिहीत आहे. आमच्या घरातून आम्ही महिन्यातून एक दिवस लेणीवर जातो. वेळ लागतो, पण सगळे वर पोचतो.

यात प्रश्न फक्त आईच्या तब्येतीचा नाही. आई-वडिलांना शुगर असेल तर त्यांच्या लेकरांना पुढे शुगर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणजे उद्या हा आजार आपल्या लेकरांच्या दारात येऊ शकतो. आज ती लेकरं काय शिकत आहेत? शुगर झाली की माणूस बसून राहतो, एवढंच जर ती पाहत असतील, तर उद्या त्यांच्यावर वेळ आली की तीही बसूनच राहतील. आजार झालेला माणूस गोळी वेळेवर घेतो, मोजून खातो आणि रोज चालतो हे त्यांनी घरातच पाहिलं, तर ते त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

"दिवसभर कामच तर करतो!"

चालण्याचा विषय काढला की आपल्या वस्तीत पहिलं उत्तर मिळतं, "आम्हाला कशाला व्यायाम? दिवसभर कामच तर करतो." हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पॅकिंगच्या टेबलापाशी आठ तास एका जागी उभं राहिलं की पाय सुजतात, कंबर धरते, पण ते चालणं नव्हे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई थकून जाते, पण तिचंही बरंचसं काम वाकून, बसून, एका जागेवर असतं. थकवा येणं वेगळं आणि पायांच्या मोठ्या स्नायूंनी सलग काम करणं वेगळं.

हे सलग काम शुगरवर चालतं कसं, ते समजून घेऊ. आपण चालतो तेव्हा मांडीचे आणि पिंढरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी ते हे करू शकतात. चालणं थांबल्यावरही पुढचे काही तास, कधी एक दिवसापर्यंत, शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं. चढावर हेच स्नायू जास्त जोर लावतात, म्हणून थोड्या वेळात जास्त काम होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. शाळेच्या वयातल्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगितली आहे. घरात हा हिशोब करून पाहा. आई आणि लेकरं, दोघंही कमीच पडतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. महिन्यातून एकदा डोंगर चढून शुगर ताब्यात येत नाही. खरं औषध म्हणजे रोजचं चालणं, मोजका आहार आणि वेळेवर गोळी. मग डोंगर कशासाठी? रोजच्या चालण्याला कारण मिळावं म्हणून. "पुढच्या पौर्णिमेला वर जायचं आहे" हे ठरलेलं असलं की संध्याकाळी जेवण झाल्यावर गल्लीत दहा-पंधरा मिनिटं फिरायला लेकरंच आईचा हात धरून ओढतात. चालायला जागा कुठे आहे, असं कोणी विचारेल. विचारणं रास्त आहे. एमआयडीसीच्या रस्त्यांवर ट्रक आणि टँकर, जालना रोडवर गाड्यांची रांग, आणि वस्तीत बागेचा पत्ता नाही. मग विहाराच्या अंगणात फेऱ्या मारा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. जेवणानंतरची दहा मिनिटंही वाया जात नाहीत, कारण रक्तातली साखर नेमकी त्याच वेळी वाढत असते.

चालणं आपल्यासाठी परकं नाही

डोंगर फिरणं हा पैसेवाल्यांचा, महागड्या बुटांचा छंद आहे असं वाटणाऱ्यांनी एकदा लेणीकडे नीट पाहावं. हा डोंगर चालणाऱ्या माणसांनी कोरला, आणि इथे राहणारे भिक्खू चालणारेच होते. भिक्खूंच्या दिनचर्येत चंक्रमण, म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घालणं, हा नेमाचा भाग होता. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, कष्ट सोसण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि चालताना मिळवलेली एकाग्रता बराच काळ टिकते. यातले निम्म्याहून जास्त लाभ शरीराचे आहेत. आज डॉक्टर जे सांगतात, त्याच्याशी हे किती जुळतं ते ताडून पाहा.

आपली ही लेणी बारा आहेत. १ ते ५ क्रमांकाची एका बाजूला, ६ ते ९ दुसऱ्या बाजूला, आणि १० ते १२ त्याहून आडवाटेला. चौथ्या क्रमांकाचं चैत्य सर्वांत जुनं. बाकीची बरीचशी सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेली. चिकलठाणा शहराच्या एका टोकाला आणि लेणी दुसऱ्या टोकाला आहे, तरी सिटी बस आणि रिक्षा बदलत तासाभरात पोचता येतं. मोठ्यांना तिकीट आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. कुटुंबाच्या सहलीचा याहून कमी खर्च शहरात क्वचितच असेल.

आजारी माणसासाठी या डोंगराचा मोठा गुण म्हणजे थांबायला कारण मिळतं. नुसत्या टेकडीवर आई थांबली की लेकरं कंटाळतात आणि आईला वाटतं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. लेणीवर तसं होत नाही. तिसऱ्या लेणीत बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक कोरले आहेत, जवळजवळ खऱ्या माणसाएवढे. आई बसून श्वास घेईपर्यंत लेकरांना त्यांचे दागिने, केसांच्या बांधणी मोजायला सांगा. सातव्या लेणीत अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसं कोरली आहेत. आग, साप, हत्ती, बुडणारं जहाज, हे सगळं ओळखायला पाऊण तास पुरत नाही. पहिल्या महिन्यात एकच बाजू करा, दुसऱ्या महिन्यात दुसरी. सगळं एका दिवसात संपवायची घाई कशासाठी? लेणी कुठे पळून जात नाही.

आजार लपवायची गोष्ट नाही

आपल्या वस्तीत शुगर असलेली कितीतरी माणसं ते कोणाला सांगत नाहीत. कंपनीत कळलं तर ठेकेदार कामावरून काढेल, सोयरिकीत कळलं तर पोरीच्या लग्नाला अडचण येईल, शेजारी कळलं तर कीव करतील. यातली पहिली भीती पोकळ नाही, हे मी जाणून आहे. कंत्राटी कामगाराला आजारी पडणं परवडत नाही. पण बाहेर लपवता लपवता आपण घरातही लपवू लागतो. लेकरांना माहीत नसतं की मम्मी कसली गोळी घेते. मग एखाद्या दिवशी शुगर एकदम उतरते, ती भलतंच बोलू लागते, घामाने भिजते आणि लेकरं नुसती घाबरून बघत राहतात.

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने त्यांना झोप लागत नसे. राज्यघटनेचं काम त्यांनी याच शरीराने केलं. याच काळात त्यांनी आपल्या शहरात १९५० साली महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजारपणाचा उघड उल्लेख केला. ग्रंथ पुरा होऊ शकला याचं श्रेय त्यांनी त्यांची देखभाल करणाऱ्या पत्नी डॉ. सविता आणि डॉ. मालवणकर यांना दिलं. एवढा मोठा माणूस आपल्या आजाराबद्दल आणि आपल्याला लागलेल्या मदतीबद्दल मोकळेपणाने लिहितो. मग आपण आपल्या पोटच्या लेकरांपासून गोळीची पट्टी का लपवावी?

डोंगर चढताना हे मोकळेपण आपोआप येतं. आमच्या घरात साखरेची पुडी धाकट्याच्या खिशात असते आणि पाण्याची बाटली थोरलीच्या पाठीवर. कशासाठी ते दोघांनाही माहीत आहे. लेकरांवर ओझं टाकलं असं मला वाटत नाही. आईला काय होतं हे माहीत नसणं, याचंच ओझं जास्त असतं.

निघण्याआधी

आता कामाचं बोलू. आधी डॉक्टरांना विचारा आणि नेमकं विचारा, "मी महिन्यातून एकदा डोंगर चढले तर चालेल का? त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घेऊ?" छातीत दुखत असेल, हृदयाचं दुखणं असेल, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल, किडनीचा त्रास असेल किंवा पायाला जखम असेल, तर परवानगीशिवाय चढू नका. डोस मनाने कमी-जास्त करू नका.

आपली गोळी कोणती हे माहीत करून घ्या. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर सहसा एकदम उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची मात्र उतरू शकते. अशा माणसाने उपाशी पोटी अजिबात निघू नये. भाकरी-भाजी किंवा पोटभर नाश्ता करून निघावं. मशीन असेल तर निघताना शुगर तपासावी. १०० च्या खाली असेल तर आधी खावं. २५० च्या वर असेल आणि मळमळ, ताप किंवा अंगात कणकण असेल तर त्या दिवशी डोंगर नको, दवाखाना गाठावा. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चढू नये, कारण चालत्या मांडीतून ते लवकर रक्तात उतरतं. इन्सुलिन बरोबर न्यायचं असेल तर गाडीच्या डिकीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवावं.

लेकरांना शुगर उतरल्याची लक्षणं पाठ करून घ्यायला सांगा. घाम, थरथर, एकदम भूक, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं की जिथे असाल तिथे बसायचं. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायला द्यायची. १५ मिनिटं थांबायचं. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्यायचं. बरं वाटल्यावर चपाती-भाकरी खायची आणि मग उतरायचं. बिस्किट किंवा चॉकलेटची साखर रक्तात हळू उतरते, म्हणून आधी साधी साखरच द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. त्याला कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि एक लक्षात ठेवा. डोंगर चढलेल्या दिवशी शुगर रात्रीही उतरू शकते. त्या रात्री उपाशी झोपू नका.

पाय जपा. हा भाग आपल्या लोकांसाठी मी मुद्दाम वेगळा सांगते. जुन्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते. वंदनेसाठी आपण चपला काढतो आणि मग लेणीपुढच्या तापलेल्या काळ्या कातळावरून तसेच अनवाणी फिरतो. बधिर पायाला चटका कळत नाही. घरी आल्यावर फोड दिसतो. त्या फोडाची जखम होते आणि जखम चिघळली तर गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. म्हणून सुती मोजे घाला आणि वंदनेच्या वेळी चपला-बूट काढले तरी मोजे पायात राहू द्या. चपलेपेक्षा पुढून बंद असलेले, बोटांना ऐसपैस बूट बरे. महागच हवेत असं नाही. घालण्याआधी बूट उलटा करून झटका, खडा असेल तर पडेल. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या लेकराला पाहायला सांगा. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. आणि तंबाखू खाणाऱ्यांनी हे ऐकावं. शुगर आणि तंबाखू मिळून पायाच्या रक्तवाहिन्या बंद पाडतात.

चाल किती असावी, याचं माप सोपं आहे. चढताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण भीमगीत म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर चाल थोडी वाढवा. बोलताही येत नसेल तर थांबा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, एकाएकी दम लागणं, थंड घाम, यातलं काहीही झालं तर चढणं तिथेच बंद. शुगर असलेल्या माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. हे ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नका. १०८ ला फोन करा. उतरताना गुडघ्यांवर जोर जास्त येतो, म्हणून चढण्यापेक्षा सावकाश उतरा.

नाईट शिफ्ट करून थेट डोंगरावर जाऊ नका. झोप पूर्ण करून दुसऱ्या दिवशी जा. दिवाळीच्या आगेमागे ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी लवकर चढा आणि ऊन तापायच्या आत खाली या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यामुळे उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, तेव्हा विहारातल्या फेऱ्याच बऱ्या. दमा असेल तर पंप खिशात हवा. आपल्या विदर्भाकडच्या नातेवाइकांत सिकलसेल आढळतो. त्या लेकरांना पाणी कमी पडणं, थंडी आणि जास्त दमछाक यांनी त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वेगळा घ्या, पण त्यांनाही घरी सोडून जाऊ नका.

विहार समित्यांना विनंती

हे एकेका घरावर सोडून भागणार नाही. आपण वर्षातून एकदा अशोक विजयादशमीला हजारोंनी लेणीवर जातो, पण त्या गर्दीत आजारी माणसाला सावकाश चढायला जागाच मिळत नाही. विहार समित्यांनी महिन्यातला एक दिवस ठरवावा, पौर्णिमेच्या आधीचा किंवा नंतरचा रविवार. वस्तीतली दहा-बारा घरं एकत्र निघाली तर रिक्षाचं भाडं वाटलं जातं, एक बीपीचं आणि एक शुगरचं मशीन सगळ्यांना पुरतं, आणि "आपल्यामुळे उशीर होतो" असं कोणाला वाटत नाही, कारण सावकाश चालणारे बरेच असतात. नियम एकच असावा. सर्वांत पुढे तो चालेल, ज्याची चाल सर्वांत हळू आहे.

त्याआधी विहारात एक तपासणी शिबिर घ्या. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासणं हा सरकारच्या कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताईंशी बोला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालय तर आपल्या चिकलठाण्यातच आहे. आपल्यातली बरीच माणसं आजार हाताबाहेर गेल्यावर थेट घाटीत दाखल होतात. ती वेळ येऊ द्यायची नसेल तर सुरुवात आज, वस्तीतूनच व्हायला हवी. महानगरपालिकेकडे वस्तीजवळ चालण्यासाठी जागा मागा, लेणीच्या वाटेवर पिण्याचं पाणी आणि बसायला सावली मागा. या आपल्या हक्काच्या मागण्या आहेत.

माता-भगिनींनो, शेवटी तुम्हालाच सांगते. घरातल्या सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उरलेलं खाणारी, सगळ्यांची औषधं आणून स्वतःची विसरणारी बाई आपल्या प्रत्येक घरात आहे. येत्या पौर्णिमेला पिशवी दुसऱ्याच्या हातात द्या, साखरेची पुडी लेकराच्या खिशात घाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवा. दहा पायऱ्या चढून थांबलात तरी चालेल. पुढच्या महिन्यात वीस होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!